पिचकारी

गाडी घेतली त्या दिवशी शोरूममधल्या एका तरुण मुलाने मला तिच्यातली एकूण एक कळ समजावून सांगितली. कुठले बटण दाबले की काच खाली जाते, कुठले दाबले की आरसा मिटतो, लाल दिवा लागला तर काय करायचे आणि पिवळा लागला तर काय, असे त्याचे कीर्तन चांगले अर्धा तास रंगले होते. मी ३४ वर्षे बँकेत काढलेली आहेत. समोरचा माणूस बोलत असताना मान डोलवायची आणि मनात दुसरीच बेरीज करायची, ही विद्या माझ्या अंगात पुरती मुरलेली आहे. त्या दिवशी मी गाडीच्या विम्याची बेरीज करीत होतो. त्यामुळे त्या मुलाने सांगितलेल्यापैकी एकच गोष्ट माझ्या लक्षात राहिली, आणि तीही सौ.मुळे.

स्टिअरिंगच्या डाव्या अंगाची दांडी त्याने आपल्याकडे ओढली. काचेच्या पायथ्याशी, बॉनेटवर बसवलेल्या दोन इवल्याशा तोट्यांतून पाण्याच्या बारीक धारा कमानीसारख्या उठल्या, काचेवर येऊन फुटल्या, आणि वायपरने दोनदा लवून ते पाणी निपटून काढले.

"अगबाई, पिचकारीच की!" मागच्या सीटवरून सौ. म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरात त्या यंत्रणेचे नाव पिचकारी पडले ते पडलेच. आणि नावाचा गुण म्हणा, पण मीही तिला कायम रंगपंचमीच्या खेळण्यासारखेच वागवले. ब्रेक, टायर, इंजिनातले तेल ही गाडीतली कर्ती माणसे. पिचकारी म्हणजे घरातले शेंडेफळ. तिचा हट्ट पुरवला तर ठीक, नाही पुरवला तरी घर चालतच असते.

असे म्हणण्याचा अधिकार खरे तर मला नव्हता, कारण मी ज्यांच्या शेजारी बसून लहानाचा मोठा झालो ते माझे वडील काचेच्या बाबतीत फार कडक होते. त्यांची जुनी फियाट होती. तिच्यातली पिचकारी चालताना मी कधी पाहिली नाही. ती त्यांच्या आधीच्या मालकाच्या कारकिर्दीतच वारली असावी. पण पायाशी पाण्याची एक बाटली आणि सीटखाली जुन्या वर्तमानपत्रांची चळत ही सदैव असायची. दर वीस-पंचवीस मैलांवर ते गाडी बाजूला घेत, उतरत, काच बाहेरून पुसत, मग आतून पुसत, आणि तिरपे होऊन उजेडात डाग राहिला नाही ना ते बघत. वायपर थकला, की पुढच्या खणातून तंबाखूची पुडी बाहेर येई. आयुष्यात त्यांनी तंबाखू तोंडात टाकली नाही. ती सगळी काचेने खाल्ली. ओल्या तंबाखूचा बोळा काचेवर घासला, की पावसाचा थेंब थेंब राहत नाही, त्याचा सपाट पापुद्रा होतो आणि पलीकडचे दिसू लागते. आम्हा मुलांना त्यांच्या या थांबण्याचा भयंकर वैताग येई. पुढे लोणावळ्याची चिक्की वाट पाहत असायची आणि हे आपले काच पुसत उभे!

काचेवरचे पाणी पुसण्याची युक्ती मुळात एका बाईची आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळले. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली मेरी अँडरसन. न्यूयॉर्कमध्ये बर्फाळ पावसात ट्रॅममधून जाताना तिने पाहिले, की समोरचे काही दिसत नाही म्हणून ट्रॅमवाला पुढची काच उघडून तोंडावर गारठा घेत गाडी हाकतो आहे. घरी जाऊन तिने आतून हाताने फिरवायच्या वायपरचा आराखडा काढला आणि १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. ते विकायला गेली तर कॅनडातल्या एका पेढीने कळवले, की या वस्तूला बाजारात किंमत येईलसे वाटत नाही. पेटंटाची मुदत संपून गेली आणि मग तिची वस्तू घरोघरच्या गाडीवर बसली. बाईच्या हाती दमडी लागली नाही. ज्या वस्तूमुळे गाडी पळत नाही त्या वस्तूची किंमत पुरुषांना कळायला वेळ लागतो, असे सौ.चे यावर भाष्य आहे. मी त्यावर गप्प बसतो.

तर मे महिन्यात आमची पिचकारी बंद पडली.

ती बंद पडल्याचे कळले ते एका कावळ्यामुळे. त्याने आंब्याच्या फांदीवरून बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर आपली सही केली. मी दांडी ओढली. धार आली नाही. कोरडा वायपर मात्र कर्रकन फिरला आणि त्या सहीचे त्याने काचभर अर्धवर्तुळ काढून ठेवले. मी उतरलो, फडक्याने काच पुसली आणि मनाशी म्हणालो, पावसाळा येतोच आहे. आभाळ फुकट धुऊन देणार असताना त्यासाठी पैसे कोणी मोजावेत? जूनमध्ये गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गॅरेजवाल्याने कागदावर पेन टेकवून विचारले, "आणखी काही तक्रार, साहेब?" बिलात आणखी एक ओळ वाढेल या भीतीने मी म्हणालो, "काही नाही."

आणि खरोखरच जून गेला, जुलै गेला, कोणाचे काही अडले नाही. अडणार कसे? धो धो पावसात पिचकारीला काही कामच नसते. तिचे काम सुरू होते ते पाऊस नुकताच थांबलेला असतो आणि रस्ता अजून सुकलेला नसतो तेव्हा. ही गोष्ट मला श्रावणात कळली.

श्रावणातल्या एका शनिवारी आम्ही सौ.च्या माहेरी, महाडजवळ, निघालो होतो. वरंधा घाट त्या दिवसांत वाहतुकीला बंद होता, म्हणून ताम्हिणीने गेलो. मुळशीपासून पाऊस आणि धुके, डोंगरांच्या अंगावर पांढरे धबधबे, वायपर नुसते धावताहेत. सौ.ला घाटात गाडी लागते. घाट उतरला की ती डोळे मिटून बसते आणि मग घर येईपर्यंत उघडत नाही. माणगाव मागे पडले तसा पाऊस थांबला. ऊनसुद्धा पडले. श्रावणच तो. मी वायपर बंद केले. रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम चालू होते आणि दोन्ही कडांना लाल चिखलाचा राबडा साचला होता. काटा ६०वर होता. मी काहीतरी गुणगुणतही असेन.

समोरून एक डंपर आला. माझ्या जरा पुढेच त्याचे चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले, आणि दुसऱ्या क्षणी माझ्यापुढची काच कोणीतरी एका हाताने सारवून टाकावी तशी सारवली गेली. रस्ता नाही, झाडे नाहीत, आभाळ नाही. मी दांडी ओढली. पायाशी कुठेतरी घूं झाले. पाणी नाही. पुन्हा ओढली. घूं. वायपर आले आणि त्यांनी तो घट्ट चिखल इकडून तिकडे थापला, जिथे थोडे दिसत होते तेही बुजवले. ब्रेक दाबावा तर मागे एसटी लागलेली, तिचा हॉर्न कानात वाजत होता. गाडी बाजूला घ्यावी तर बाजू कुठे आहे तेच दिसत नव्हते. आपल्या खिडकीची काच खाली करून डोके बाहेर काढावे, हे मेरी अँडरसनच्या ट्रॅमवाल्याला सुचलेले शहाणपण मला सुचेपर्यंत चार सेकंद गेले असतील.

पुढे एका रात्री झोप येईना तेव्हा मी त्याचा हिशेब केला. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर. चार सेकंदांत ६६ मीटर. दुसऱ्या दिवशी ते पावलांनी मोजलेदेखील. आमच्या सोसायटीच्या फाटकापासून वाण्याचे दुकान ओलांडून पिठाच्या गिरणीपर्यंत येते. तेवढे अंतर मी डोळे मिटून गेलो होतो.

त्या चार सेकंदांत केव्हातरी डाव्या बाजूला 'टक्' असा आवाज झाला.

मोठा नाही. पेटीचे झाकण मिटावे तेवढा. डावीकडचा आरसा आत वळला. तेवढ्यात वायपरने काचेत हातभर फट पाडली आणि तिच्यातून मला माझ्या पुढचा मोकळा, सरळ रस्ता दिसला. मी वरच्या आरशात पाहिले. मागे रस्त्याच्या कडेला पिवळा रेनकोट घातलेला एक मुलगा, पाठीवर दप्तर, सायकलवरून एक पाय जमिनीला टेकून उभा होता. शनिवारची सकाळची शाळा सुटली असावी. एवढे दिसले आणि एसटी आड आली.

मी थांबलो नाही.

हे तीन शब्द कागदावर उतरवायला मला दोन महिने लागले. मागे एसटी होती, थांबायला जागा नव्हती, मुलगा उभा होता म्हणजे त्याला लागले नसणार, ही सगळी कारणे मी तेव्हाही जमवली आणि आजही ती माझ्यापाशी शिल्लक आहेत. अर्ध्या किलोमीटरवर एक चहाची टपरी लागली. तिथे मात्र थांबलो. प्यायच्या पाण्याची बाटली काचेवर ओतली, चिखल काढला, आरसा सरळ केला. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

"काय झालं हो?" सौ.ने डोळे न उघडता विचारले.

"काही नाही. फांदी लागली."

श्रावणी शनिवार म्हणून सासुरवाडीला मुंजा मुलगा जेवायला बोलावलेला होता. शेजारच्यांचा, अकरा-बारा वर्षांचा. तेल लावून न्हाऊमाखू घातलेला, पाटावर मांडी घालून मुकाट्याने जेवत होता. सासूबाई आग्रहाने त्याच्या पानात वाढीत होत्या. मी त्याच्या समोरच्या पाटावर बसलो होतो आणि जेवण होईपर्यंत माझ्या पानातल्या चटणीचे निरीक्षण करीत होतो.

जेवणानंतर मेव्हण्यांनी विचारले, "गाडीची काय दशा झाली आहे ही?" मी डंपरची कथा सांगितली, आरशापर्यंत न जाता. आणि तिच्या शेवटी, कोणी विचारले नसताना, जोडून दिले, "सर्व्हिसिंगला दिली होती जूनमध्ये. पण साधं वायपरचं पाणी भरायचं कळत नाही लेकाच्यांना!" झाले. मेव्हण्यांनी आपल्या मेकॅनिकची हकिगत सांगितली, साडूंनी आपल्या. पान जमले, सुपारी फिरली, आणि समस्त गॅरेजवाल्यांना आम्ही एकमताने दोषी ठरवून टाकले. मला बरे वाटले. चूक गॅरेजवाल्याच्या नावे पडली, की तो 'टक्' आवाजही त्याच्याच खात्यावर टाकता येणार होता.

मात्र खात्यावर रक्कम टाकायची तर व्हाउचर लागते. पुण्याला परतल्यावर पुढच्या रविवारी मी बॉनेट उघडले ते पिचकारी दुरुस्त करण्यासाठी नव्हे. गॅरेजवाल्याविरुद्ध पुरावा गोळा करण्यासाठी.

बॉनेट उघडे दिसले की आमच्या वरच्या मजल्यावरचे अप्पा खाली येतात. वय ७८. सारा जन्म रेल्वेच्या कारखान्यात गेला. अंगात बनियन, हातात बॅटरी, आणि यंत्र बिघडल्याचा चेहऱ्यावर न लपणारा आनंद.

"काय म्हणतंय, भाऊसाहेब?"

"पाणी येत नाही काचेवर. पंप गेला असणार. नाहीतर गॅरेजवाल्याने पाणीच भरलेलं नाही."

"गेला असणार, भरलं नसणार, हे नंतर. पाणी जसं जातं तसं आपण जायचं. टाकी, पंप, नळी, तोटी. मधे उडी मारायची नाही."

पाण्याच्या टाकीच्या झाकणावर काचेचे आणि फवाऱ्याचे चित्र असते. ते बघूनच झाकण उघडायचे, कारण पलीकडेच कूलंटची टाकी असते. गरम इंजिनावर तिचे झाकण उघडणारा मनुष्य तोंड भाजून घेतो, आणि तिच्यात साबणाचे पाणी ओतणारा इंजिन घालवतो. अप्पांनी ही दोन्ही जातींची माणसे पाहिलेली होती. आम्ही योग्य ते झाकण उघडले. टाकी गळ्यापर्यंत भरलेली होती. गॅरेजवाल्याने जूनमध्ये न सांगता, न पैसे लावता, ती भरून दिली होती.

मला निराशा वाटली. पहिल्याच मुद्द्यावर माझा आरोपी सुटला.

अप्पांनी पाण्यात बोट बुडवले, अंगठ्यावर चोळले, वास घेतला. "बुळबुळीत लागतंय. काय घातलंय यात?"

"पाणी," मी म्हणालो.

"बरं. किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका. मी हाक मारली की दांडी ओढा." आणि ७८ वर्षांचा तो मनुष्य पुढच्या चाकाशी उकिडवा बसून कान लावता झाला. मी ओढली. घूं. "मोटर जिवंत आहे!" अप्पा ओरडले. आवाजच आला नसता, तर आधी फ्यूज बघायचा, मग वायरचे टोक, आणि मग पंपावर संशय घ्यायचा, असा त्यांचा क्रम होता. पंप म्हणजे टाकीच्या तळाशी रबराच्या कड्यात खोचलेली करंगळीच्या दोन-तीन पेरांएवढी १२ व्होल्टची मोटर. तिला थंड ठेवायला आणि वंगण द्यायला पाणीच लागते. टाकी रिकामी असताना तिला घूं घूं करायला लावली तर ती जळते. "दांडी ओढून बसायचं नाही. धार आली नाही तर सोडून द्यायची. म्हातारी मोटर आहे असं समजा."

यावरून अप्पांना त्यांच्या एका साहेबाची जर्मन बीटल आठवली. फोक्सवॅगनच्या त्या जुन्या गाडीत पिचकारीला पंपच नव्हता. स्टेपनीतली हवा नळीने पाण्याच्या टाकीत सोडलेली असे आणि त्या दाबाने पाणी काचेवर उडे. स्टेपनी अगदीच रिकामी होऊ नये म्हणून मध्ये एक झडप, हवा ठरावीक दाबाखाली गेली की बंद होणारी. "म्हणजे बघा," अप्पा म्हणाले, "काच धुवायची तर स्टेपनीत हवा आहे का ते आधी बघावं लागायचं. माणूस आपोआप सावध राहायचा."

मग त्यांनी मला दांडी उलट, पुढे ढकलायला सांगितली. मागच्या काचेवर सुरेख पाणी पडले. आमच्या गाडीत दोन्ही काचांना पंप एकच आहे. सुलटा फिरला की पुढे पाणी, उलटा फिरला की मागे. टाकी निर्दोष, मोटर निर्दोष, फ्यूज निर्दोष. उरली पुढची नळी आणि तोट्या.

नळीबद्दल आम्हा दोघांनाही मोठी आशा होती. सलाईनला असते तेवढी ती रबरी नळी टाकीपासून निघून बॉनेटच्या पोटातून वर जाते. बॉनेट उघडता-मिटताना बिजागरापाशी ती मुडपते, सांध्यातून निसटते, आणि मुख्य म्हणजे तिला उंदीर कुरतडतात. "उंदीरच!" अप्पा म्हणाले. "पावसाळ्यात इंजिनाची ऊब बघून येतात." मलाही तो उंदीर हवाहवासा वाटू लागला. गॅरेजवाला सुटला तर सुटला. गणपतीच्या वाहनाने माझे वाहन खाल्ले असे महाडला कळवता आले असते. अप्पांनी नळी बोटांनी टोकापर्यंत चाचपली आणि बॉनेटखाली जिथे तिला दोन फाटे फुटतात त्या सांध्यापाशी उपसून काढली. "ओढा!" मी दांडी ओढली, आणि अप्पांच्या बनियनवर पाण्याची अशी जोरदार चिळकांडी उडाली की गॅलरीत उभा असलेला माझा नातू टाळ्या पिटू लागला.

"उंदीरही निर्दोष," अप्पा बनियन पिळत म्हणाले.

आता तोट्या. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर त्यांच्या भोकांवर पांढरट खपली धरली होती. मी सुई आणायला निघालो, तर अप्पांनी थांबवले. बाहेरून सुई खुपसली की मळ आत ढकलला जातो, आणि जोर जास्त झाला तर भोक मोठे होते. मग धार न उडता नुसते ओघळ येतात. तोट्या उलट्या बाजूने काढायच्या. बॉनेटखालून त्यांच्या कानशिला चिमटीत दाबल्या तशा त्या वर निघाल्या, दोन काळ्या मण्यांसारख्या. नातवाच्या नूडल्ससाठी घरात असलेले व्हिनेगर एका वाटीत घेऊन त्या बुडवल्या. बारीक बुडबुडे उठू लागले.

"चुना," अप्पा म्हणाले. "बोअरचं पाणी. आणि हे निळे कण बघा. धुण्याची पावडर घातली आहे लेकाने."

मी वाटीकडे बघत राहिलो.

मार्च महिन्यात काच धुवायचे द्रव मिळते ती बाटली मी दुकानात हातात घेऊन पाहिली होती. किंमत दीडशेच्या घरात. निळ्या पाण्याला दीडशे रुपये! घरी येऊन मी सोसायटीच्या बोअरचे पाणी घेतले, त्यात मूठभर धुण्याची पावडर विरघळवली आणि टाकीत ओतली. त्या बचतीचा मला दोन दिवस अभिमानही वाटला होता. मग उन्हाळा आला. गाडी दिवसभर उन्हात तापायची. तोटीच्या तोंडाशी राहिलेला थेंब सुकायचा आणि चिमूटभर चुना, चिमूटभर पावडर मागे ठेवून जायचा. रोज एक थेंब. चक्रवाढ व्याज कसे वाढते हे मी ३४ वर्षे लोकांना समजावून सांगत आलो. मे महिन्यात भोके बंद झाली. जूनमध्ये गॅरेजवाल्याने बिचाऱ्याने त्यावर चांगले पाणी ओतले, आणि "आणखी काही तक्रार?" म्हणून विचारलेसुद्धा.

"साधं पाणीसुद्धा वर्षानुवर्षं तसंच ठेवू नये," वरून आमच्या डॉक्टर सूनबाईंनी आवाज दिला. २०१० साली इंग्लंडात म्हणे असे आढळले, की टाकीत नुसते साधे पाणी ठेवणाऱ्या मोटारचालकांत एका जातीच्या न्यूमोनियाचे प्रमाण जास्त होते. त्याचे जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतात आणि फवाऱ्याबरोबर नाकात जातात. दीडशे रुपयांच्या बाटलीत त्यांना मारणारे काहीतरी असते. अप्पांनी मान डोलावली. मी टाकीतले पाणी सगळे उपसले, स्वच्छ पाण्याने दोनदा खळबळले, आणि नातवाला पैसे देऊन ती बाटली आणायला पिटाळले.

अर्ध्या तासाने तोट्या वाटीतून काढल्या. सूनबाईंनी दिलेल्या सिरिंजने नळीकडच्या बाजूने पाणी मारले तशी पांढरी कणी तुडतुड बाहेर पडली. तोट्या जागच्या जागी बसवल्या, नळी जोडली. पहिली धार टपावरून पार जाऊन वॉचमनच्या खुर्चीवर पडली. तोटीत एक बारीक गोळी असते, तिचे भोक सुईने हलकेच हलवून धारेचा नेम धरायचा असतो, त्यासाठी सौ.ची मोती ओवायची सुई आणली. दुसरी धार अप्पांनी अंगावर घेतली, हौसेने. तिसरी काचेच्या मधोमध, जराशी वर, हवी तिथे फुटली.

"आता ज्याने कुणी भरलं होतं त्याला सांगा," अप्पा वर जाता जाता म्हणाले, "पावडर घालत जाऊ नकोस म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

सगळे गेल्यावर मी गाडीत एकटाच बसून राहिलो. दांडी ओढली. दोन धारा उठल्या. वायपर लवले. पुन्हा ओढली. काच इतकी लख्ख झाली होती, की फाटकापासून गिरणीपर्यंतचा रस्ता, ते ६६ मीटर, स्पष्ट दिसत होते. गिरणीपुढे कोणीतरी सायकल लावत होते.

डावीकडचे दार उघडले आणि सौ. येऊन शेजारी बसली. तिला तिची वाटी आणि सुई हवी होती. मी दोन्ही तिच्या हातात दिल्या.

"पावडर तुम्हीच घातली होतीत ना?" ती म्हणाली. "मार्चमध्ये माझा डबा निम्मा झाला होता."

"हो."

ती काही बोलली नाही. काचेवरचा शेवटचा थेंब ओघळत खाली येत होता.

"महाडला जाताना," मी म्हणालो, "आरशाला लागली ती फांदी नव्हती."

"माहीत आहे मला."

मी तिच्याकडे पाहिले.

"त्याच्या सायकलच्या मुठीला लागला आरसा. पडला नाही तो. पाय टेकून उभा राहिला. मी मागे वळून बघत होते. एसटी त्याच्या बाजूने निघून गेली, मग परत दिसला, सायकल हातात धरून चालत होता. वळण येईपर्यंत दिसत होता."

"तू डोळे मिटून बसली होतीस."

"चिखल उडाला तेव्हाच उघडले."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

तिने सुई पदराला टोचली, वाटी उचलली आणि दार उघडले.

"मला वाटलं, तुम्ही थांबाल," ती म्हणाली, आणि घरात गेली.